सहाशे चाळीस सायटेशन

डॉ. रुचिता मढवीला विद्यापीठाच्या संशोधन केंद्राच्या प्रमुखाची खुर्ची मिळाली, तर तिच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. पगारातली वाढ फार नव्हती. खाजगी विद्यापीठं त्या बाबतीत हात आखडता घेतात. पण नमुने गोठवायला स्वतःचा उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर, तीन विद्यार्थी जास्त घेण्याचा हक्क, दारावर नावाची पाटी, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे शीळफाट्याच्या अलीकडच्या त्या चार मजली इमारतीत कोणाच्या तरी सहीसाठी दुपारभर बाकावर बसून राहायचं कायमचं बंद. यापुढे बाकावर इतरांनी बसायचं. रुचिता सेहेचाळीस वर्षांची होती, म्हणजे खुर्ची एकदा मिळाली की चांगली टिकली असती.

जाहिरातीत अटी बऱ्याच होत्या, पण माणसं गळत होती ती एकाच अटीवर. एकूण सायटेशन किमान एक हजार. आपल्या शोधनिबंधाचा दुसऱ्या कोणी आपल्या शोधनिबंधात उल्लेख केला की झालं एक सायटेशन. कोणी उल्लेख कौतुकाने करतं, कोणी चूक दाखवायला करतं, बरेच जण न वाचताच करतात. मोजताना सगळे सारखे. कुलगुरूंना विद्यापीठाचं नाव देशाच्या क्रमवारीत वर न्यायचं होतं आणि क्रमवारी ठरवणारे हाच आकडा बघत, म्हणून अट.

रुचिताचे पेपर एकतीस आणि सायटेशन अकराशे सहा. त्यांतले सहाशे चाळीस एकट्या एका पेपरचे. उरलेल्या तीस पेपरांचे मिळून चारशे सहासष्ट. कमावता एक आणि खाणारे तीस, असं आमचं एकत्र कुटुंब आहे, असं ती स्वतःच हसून सांगायची.

तिच्यासमोर उमेदवार एकच, कल्याणचे डॉ. मितेश कर्णिक. त्यांचे नऊशे ऐंशी होते. कर्णिकांचा कुठलाच पेपर गाजला नव्हता, पण त्यांनी सायटेशनचा व्यवहार लग्नातल्या आहेरासारखा सांभाळला होता. नाशिकच्या प्राध्यापकाने आपले दोन पेपर घातले की आपण त्याचे दोन घालायचे. कोल्हापूरच्या बाईंनी एक घातला की त्यांचा एक. कोणाचं देणं अंगावर ठेवायचं नाही आणि कोणाकडचं येणं विसरायचं नाही. जाहिरात आल्यापासून ते रोज दोन-चार जणांना फोन करून तब्येतीची चौकशी करत होते. वीस आहेर कमी पडत होते.

आता तो कमावता पेपर. माजिवड्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला रुचिताच्या माहेरचं गाव आहे. आजोबांपर्यंत सगळे मिठागरावर राबले. नंतर जमिनींना भाव आला आणि मीठ पिकवणारे भाडं पिकवायला लागले. २०१९ च्या पावसाळ्यानंतर गावात डेंग्यूची मोठी लाट येऊन गेली. त्याच दिवाळीच्या आधी रुचिताने तिथे रक्ततपासणीचं शिबिर घेतलं. डेंग्यूच्या जाती चार. एका जातीचा झाला म्हणून दुसऱ्या जातीपासून कायमचं संरक्षण मिळत नाही, उलट दुसऱ्यांदा झाला तर माणूस जास्त आजारी पडू शकतो. रुचिताच्या पेपरने असं दाखवलं, की ह्या गावात दर तिघांतल्या एकाच्या रक्तात चारही जातींना थोपवणारी अँटीबॉडी आहे. असं प्रमाण कुठेच सापडलं नव्हतं. ब्राझीलपासून व्हिएतनामपर्यंत लोकांनी तो पेपर उचलला. गावात फ्लेक्स लागला, त्यावर रुचिताचा पदवीदानाचा फोटो आणि खाली तिच्या तानाजीकाकांचा तिच्यापेक्षा मोठा फोटो. शिबिर भरवलेलं काकांनीच, मंडळाच्या हॉलमध्ये. माणसं त्यांनी जमवली, चहा-बिस्किटं त्यांची, आणि रक्त देणाऱ्याला एक स्टीलचा डबा तोही त्यांच्याकडून.

मुलाखतीच्या तीन आठवडे आधी रुपाली घाडी रुचिताच्या केबिनमध्ये आली आणि तिने दार लावून घेतलं.

रुपाली तिची विद्यार्थिनी. राहणार डोंबिवली पूर्व, मूळ गाव कणकवलीकडे, वडील एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यातून रिटायर झालेले. पीएचडीचं पाचवं वर्ष चालू, शिष्यवृत्ती मार्चअखेर संपणार. तिचं काम त्याच शिबिराच्या रक्तावर होतं. गोठवून ठेवलेल्या त्या तीनशे बारा नळ्या बाहेर काढायच्या, त्यांतून डीएनए काढायचा, आणि ज्यांच्या अंगात ती चारही जातींना पुरून उरणारी अँटीबॉडी आहे त्यांच्या जनुकांत वेगळं काय आहे ते शोधायचं. त्याच नळ्यांवरचा तिचा एक छोटा पेपर वर्षापूर्वी छापूनही आला होता. थीसिस सादर करायला विद्यापीठाला एक छापील पेपर लागतो, तो तिच्याकडे होता.

रुपालीने सांगितलं ते थोडक्यात असं. डीएनए दोन माणसांचा सारखा नसतो, जुळी भावंडं सोडली तर. तिला नळ्यांमागून नळ्या सारख्या सापडायला लागल्या. आधी वाटलं आपल्याच हातून सांडलवंड झाली. पुन्हा केलं. बाहेरच्या लॅबमध्ये पाठवून केलं. नळ्या तीनशे बारा, माणसं दोनशे तीन.

रुचिताने विचारलं, की दुबार बसलेले कोण आहेत, अँटीबॉडीवाले की बाकीचे. विचारताना तिला उत्तर माहीत असावं. रुपाली म्हणाली, जास्त करून अँटीबॉडीवालेच. एकशे चार नळ्या होत्या त्यांच्या, माणसं निघाली एकोणतीस. म्हणजे तिघांत एक नाही, सातात एक. तेवढे तर कुठल्याही डेंग्यूवाल्या गावात सापडतात.

"एकाच बाईच्या पाच नळ्या आहेत, मॅडम," रुपाली म्हणाली. "पाचही नळ्यांवर नावं वेगळी. त्यातली तीन नावं पुरुषांची आहेत."

पुढचा रविवार रुचिता माहेरी गेली. काकूने खाडीतल्या निवट्यांचं कालवण केलं होतं. जेवून हात धुतल्यावर रुचिताने काकांना विचारलं, की शिबिराला खरोखर किती माणसं आलेली.

तानाजीकाकांनी अजिबात लपवालपवी केली नाही. सकाळी चांगली गर्दी होती, ते म्हणाले, मग अकरानंतर पोरं कामाला गेली, हॉल रिकामा. आणि तू तर दुपारपर्यंत सगळं आटप म्हणून घाई करत होतीस. मग त्यांनी घराघरांत माणूस पाठवला, की जो कामाला गेला असेल त्याच्या नावाने घरच्याने येऊन बसावं. रेशनला नाही का, कार्ड एकाचं आणि रांगेत दुसरा. गॅसच्या नंबराला नाही का. नाव घरातलं, हात घरातला. नळ्या भरणारी मुलं भाड्याची, त्यांना गावातलं कोण कोण काय माहीत.

"काका, अहो तीनशे माणसं पाहिजे होती."

"नाय बाय," काका शांतपणे म्हणाले. "तू बोल्लीस तीनशे नल्या पायजेत. म्यां तीनशे बारा दिल्या. मानसं किती पायजेत ते तू कवा बोल्लीस?"

रुचिता खरंच तसंच बोलली होती. लॅबमध्ये सगळे नळ्याच म्हणतात.

समोरच्या घरातल्या आवडाबाईंना बोलावणं गेलं. सत्तरीच्या पुढची बाई, हाताला अजून मिठागरावरचा कणखरपणा. पाच वेळा कशाला बसलात म्हटल्यावर त्यांना प्रश्नच कळेना. पोरगे तीन, सुना दोन, पाचही जण कामाला गेलेले. त्यांच्या वतीने कोण बसणार? सुनेच्या नावावर सासूचं रक्त कसं चालेल, असं रुचिताने विचारलं तेव्हा त्या जराशा दुखावल्या.

"घर तर येकच हाय नं? आनी डबं पाच आलं म्हनून बरं झालं. येकीला दिला नि दुसरीला नाय, तर मना घरात जेवाला कोन वाडल?"

दिवसभर घरी असणाऱ्या म्हाताऱ्या बायका, आयुष्यभर खाडीच्या डासांत राहिलेल्या, चारही डेंग्यू कधी ना कधी अंगावर काढलेल्या. त्याच मोकळ्या होत्या, त्याच पुन्हा पुन्हा बसल्या. गावाची प्रतिकारशक्ती म्हणून जगभर जे गाजलं ते एकोणतीस जणांचं होतं, आणि त्यांत बहुतेक अशा बायका. निघताना काकांनी दारापर्यंत येऊन विचारलं, की काय लफडं तर नाही ना झालं. रुचिता म्हणाली, काही नाही. काकांना बरं वाटलं. त्यांनी तिच्यासोबत निवटे बांधून दिले.

पेपर मागे घ्यायचा हे तिने रविवारीच ठरवलं, हे तिच्या बाजूने लिहून ठेवायला हवं. कितीतरी जण एवढंही ठरवत नाहीत. सोमवारी तिने जर्नलच्या संपादकांना पत्र लिहिलं, सरळ आणि स्वच्छ: नमुने गोळा करताना एका व्यक्तीचे अनेक नमुने घेतले गेले, निष्कर्ष टिकत नाहीत, पेपर मागे घ्यावा. पत्राला दोन सहलेखकांची संमती लागणार होती. एक कॅनडात होते, एक निवृत्त होऊन कोपरीत. दोघांनीही फार खळखळ केली नाही, दोघांनाही आता खुर्ची नको होती. पत्र पाठवायच्या बटणावर बोट होतं. मग तिने आकडा केला. अकराशे सहातून सहाशे चाळीस गेले की उरतात चारशे सहासष्ट. तिने पत्र ड्राफ्टमध्ये ठेवलं आणि रुपालीला बोलावलं.

ती म्हणाली, की पत्र तयार आहे, जाणार म्हणजे जाणारच, फक्त मुलाखत होऊ दे. एकोणीस तारखेला मुलाखत आहे, वीसला पत्र. पाच वर्षं जे चुकीचं छापलेलं पडून आहे ते आणखी पंधरा दिवसांनी काही सडत नाही.

रुपालीने विचारलं, "आत्ता पाठवलं तर काय होईल, मॅडम?"

"आत्ता पाठवलं तर कर्णिक होतील."

रुपाली हसली. हसू आलं म्हणून हसली. गोष्ट खरीच होती. कर्णिकांकडे तेव्हा नऊशे शहाण्णव झालेले आणि चार आहेर वाटेत होते. मग तिने आपलं विचारलं. मूळ पेपर मागे गेला की त्याच नळ्यांवरचा तिचा पेपरही मागे घ्यावा लागणार. तो गेला की थीसिस सादर करता येणार नाही. मार्चला शिष्यवृत्ती संपते.

"मी बघते ना," रुचिता म्हणाली. "खुर्चीवर असले तर तुझ्यासाठी काहीतरी करू शकेन. नसले तर काय करणार? तुझ्यासाठीसुद्धा हेच बरं आहे."

ह्या वाक्यात खोटं काही नव्हतं. बरं म्हणून रुपाली गेली. कोणाला काही सांगू नकोस असं रुचिता म्हणाली नाही. म्हणायची गरज नव्हती. मार्गदर्शकाविरुद्ध बोलणाऱ्या मुलीला दुसरा मार्गदर्शक मिळत नाही, हे पहिल्या वर्षातच सगळ्यांना कळतं.

एकोणीसला मुलाखत झाली. बाहेरून आलेले पुण्याचे एक वयस्कर तज्ज्ञ होते, त्यांनी सहज विचारलं, की आपल्या एकतीस निबंधांपैकी आपणांस सर्वांत महत्त्वाचा कोणता वाटतो. रुचिताने त्या पेपरचं नाव घेतलं नाही. तिने तेरा वर्षांपूर्वीचा एक सांगितला, क्षयरोगाच्या पेशींवरचा, ज्याला एकंदर नऊ सायटेशन होते. तो खरोखर चांगला होता. तज्ज्ञांना तिचा विनय आवडला. समोरच्या कागदावर अकराशे सहा होतंच, तो आकडा तिला तोंडाने उच्चारावा लागला नाही. कर्णिक मुलाखतीच्या सकाळी नऊशे नव्याण्णववर होते. त्यांनी नंतर बरेच दिवस सोलापूरच्या एका मित्राशी बोलणं टाकलं.

रुचिताची निवड झाली. वीसला पत्र गेलं, अगदी कबूल केल्याप्रमाणे, सकाळी दहाच्या आत.

पुढे जे झालं ते कोणाच्याच हिशोबात नव्हतं. जर्नलने पेपर मागे घेतला आणि सूचनेत लिहिलं, की लेखिकेने स्वतःहून चूक कळवली याबद्दल संपादक मंडळ तिचं कौतुक करतं. त्रुटी "लेखिकेच्या प्रयोगशाळेतील पडताळणीत" आढळली, असंही त्यात होतं. पडताळणीला नाव नव्हतं. कुलगुरू आधी बिथरले होते. कौतुकाचं वाक्य वाचल्यावर त्यांनी ती सूचना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकायला लावली. संशोधनातली सचोटी ह्या विषयावर बोलायला रुचिताला बोलावणी यायला लागली, आधी ठाण्यात, मग हैदराबादला, मग सिंगापूरला. ती चांगलं बोलायची. तीनशे नळ्या आणि तीनशे माणसं ह्यांतला फरक ती असा रंगवून सांगायची की सभागृह हसून लोटपोट व्हायचं. त्या भाषणाचा एक लेख झाला. शिबिरातून नमुने घेणाऱ्यांनी काय काळजी घ्यावी ह्यावर आता कोणीही लिहिलं की तो लेख घालावाच लागतो. डॉ. कर्णिकांनी तो दोनदा घातला आहे आणि परतीची वाट बघत आहेत.

रुपालीसाठी तिने बघितलं नाही असं नाही. तिने मुदतवाढीचं पत्र दिलं. विद्यापीठाने एक वर्ष वाढवून दिलं, बिनपैशाचं. शिष्यवृत्तीवाल्यांनी नियम दाखवला. नव्याने नमुने घ्यायचे तर नीतिसमितीची परवानगी, तीच सात महिन्यांनी. जूनमध्ये रुपालीने कल्याणच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी धरली, रिपोर्ट तपासायची. सकाळची पाळी. थीसिस संध्याकाळी करेन म्हणाली. संध्याकाळी कोणी थीसिस करत नाही, हे रुचितालाही माहीत होतं.

लेख छापायला जायच्या आधी रुचिताने तिला फोन केला. म्हणाली, की सगळं सापडलं तुझ्यामुळे, ह्या लेखावर तुझं नाव दुसरं घालते. तुझ्या खात्यावर एक पेपर होईल. मनापासून म्हणत होती.

रुपालीच्या मागे लॅबमध्ये कोणीतरी कोणाला तरी उपाशीपोटीचा नमुना आहे का म्हणून विचारत होतं.

"लेखाचं नाव काय आहे, मॅडम?"

"'आमची चूक आणि तिने शिकवलेलं.'"

"मग नको," रुपाली म्हणाली. "माझी चूक नव्हती ना."

आणि पुढच्याचा रिपोर्ट घ्यायचा होता म्हणून तिने फोन ठेवला.

शेवटी जमाखर्च. तानाजीकाकांना पेपर मागे गेल्याचं कोणी सांगितलंच नाही. गावाचं रक्त जगात भारी आहे हे ते अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आणि पुढच्या निवडणुकीतही सांगतील. आवडाबाईंच्या अंगातली अँटीबॉडी खरी होती, ती त्यांच्याकडेच राहिली. कर्णिकांना पुढच्याच वर्षी दुसऱ्या विद्यापीठात खुर्ची मिळाली, तिथे अट नऊशेची होती. मागे घेतलेल्या पेपरवर मोठ्या लाल अक्षरांत तसं लिहिलेलं आहे, तरी लोक न बघता तो घालतातच. सहाशे चाळीसचे आता सहाशे एकाहत्तर झालेत. नव्या लेखाचे अडतीस. सगळे धरून रुचिताचे सायटेशन साडेअकराशेच्या वर गेले, खुर्ची आहे, फ्रीझर आहे.

रुपालीच्या नावावर एक पेपर होता, त्याला सात सायटेशन. आता पेपर शून्य. त्यासोबत पाच वर्षंही गेली आणि नावाआधी लागणारं डॉक्टरही. ह्या व्यवहारात खिशात हात घालायला लागला तो एवढ्या एकीला. बाकी सगळे जमेच्या बाजूला.